अडगळीतील संगणक आणि जमेची बाजू

आपल्या व्यापारी घरांतून कोणतीही वस्तू सहजासहजी टाकून दिली जात नाही. तांब्याचा बंब, पितळी वजने, लाल कापडात बांधलेल्या वह्या, आजोबांची लोखंडी पेटी, बंद पडलेले शिलाई यंत्र या साऱ्यांना माळ्यावर हक्काची जागा असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या मंडळींत एका नव्या सभासदाची भर पडली आहे. तो म्हणजे जुना संगणक. एके काळी दुकानाच्या दर्शनी भागात काचेच्या खोलीत विराजमान झालेले हे यंत्र आज पोत्यात गुंडाळून, वर जुन्या गाद्या रचून ठेवलेले दिसते. घेताना भरपूर पैसे मोजले म्हणून टाकवत नाही, आणि उपयोग तर शून्य.

निवृत्तीनंतर, २०१८ सालापासून, शिरूर आणि दौंड येथील परिचितांचे असे काही संगणक ऑनलाइन लिलावातून विकून देण्याच्या कामी मी हातभार लावला. हा माझा व्यवसाय नव्हे. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हिशेब आणि कागदपत्रे यांची जी सवय लागते, तिचा शेजारधर्मापुरता केलेला हा उपयोग. त्या अनुभवातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण विक्रीची रक्कम ही त्यातील सर्वांत लहान गोष्ट होती.

ही यंत्रे आपल्याकडे आली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. एम. कॉम. झाल्यावर मी १९८१ साली बँकेत रुजू झालो, तेव्हा शाखेत यंत्र म्हणजे बेरजेचे यंत्र आणि टंकलेखन यंत्र. बचत खात्यांचे व्याज वर्षातून दोनदा लावले जाई. त्या दिवसांत कर्मचारी रात्री उशिरापर्यंत खातेवह्या उलगडून बसत आणि एका खात्यातील पाच पैशांचा फरक शोधण्यात मध्यरात्र उलटे. १९८३ साली बँका व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला आणि १९८९ साली त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने संगणकीकरणाचा पुढील आराखडा मांडला. संघटनांचा विरोध तीव्र होता. संगणक आला की माणसाची नोकरी गेली, अशी भीती आम्हा सर्वांच्याच मनात होती.

यथावकाश शाखांतून खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रे आली. त्यांच्यासाठी वेगळी खोली, तिला वातानुकूलन, आणि धूळ जाऊ नये म्हणून दाराशी चपला काढण्याची शिस्त. दौंडला माझी बदली झाली त्या काळात खेड्यापाड्यांतून आलेले खातेदार या खोलीच्या काचेला नाक लावून आत पाहत असत. देवळातल्यासारख्या चपला काढायच्या, तर आत नक्की कोण बसले आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे.

बँकेमागोमाग व्यापारी आले. घोडनदीच्या, म्हणजे आपल्या शिरूरच्या, पेठेत आणि दौंडच्या अडत दुकानांत नव्वदच्या दशकात संगणक दिसू लागला. एचसीएल, विप्रो, झेनिथ, पीसीएल ही त्या वेळची परिचित नावे. बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचा 'टॅली' हा हिशेबाचा प्रोग्रॅम पुढे घराघरांत पोहोचला. त्याआधी पुण्याहून एखादा तरुण येऊन डीबेसमध्ये दुकानापुरता प्रोग्रॅम लिहून देई. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीशेजारी संगणकालाही कुंकवाचे स्वस्तिक उमटू लागले, ते याच काळात.

आता त्याच्या किमतीचे पुढे काय होते, ते पाहू. आयकराच्या नियमांत अनेक वर्षे संगणकावर ६० टक्के दराने घसारा मिळत असे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून तो दर ४० टक्के झाला. साठ टक्क्यांचा हिशेब घटत्या शिल्लक पद्धतीने केला, तर ५०,००० रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर २०,०००, दुसऱ्या वर्षी ८,०००, तिसऱ्या वर्षी ३,२००, चौथ्या वर्षी १,२८० आणि पाचव्या वर्षी ५१२ रुपयांवर येते. दहाव्या वर्षाअखेर ते सव्वापाच रुपये उरते. वहीतील किंमत ही अशी. भंगारवाल्याकडील किंमत वजनावर ठरते. पत्रा, तांबे, प्लास्टिक यांचा भाव काय, तेवढाच त्याचा प्रश्न.

बँका आणि सरकारी कार्यालये आपले निकामी संगणक आता ई-लिलावाने काढतात. १९६४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची एमएसटीसी ही संस्था अशा लिलावांसाठी प्रसिद्ध आहे. त्या लिलावात मात्र संगणकाला वेगळे नाव नसते. 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर सारा ढीग एकगठ्ठा विकला जातो. ढिगात एखादे दुर्मीळ यंत्र असले, तरी तेही त्याच भावाने जाते.

भंगाराचा मार्ग आणखी एका कारणाने विचार करण्याजोगा आहे. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. तारांतील तांबे काढण्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या जातात, तर पट्ट्यांवरील सोन्याचा मुलामा काढण्यासाठी आम्ल वापरतात. त्याचा धूर आणि पाणी अखेर कोणाच्या तरी श्वासात आणि विहिरीत जाते. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम आपल्या देशात १ मे २०१२ पासून लागू झाले. पुढे २०१६ साली आणि अलीकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. म्हणून जे यंत्र कोणी तरी हौसेने सांभाळणार आहे ते त्याच्या हाती द्यावे आणि जे खरोखर निकामी आहे ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावे, हे बरे.

लिलाव ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ढिगाऱ्याभोवती उभे राहून व्यापारी बोली वाढवतात, हे शिरूर-दौंडच्या मुलालाही ठाऊक असते. पूर्वी रुमालाखाली हात धरून, बोटे दाबून भाव ठरत आणि मालाचा धनी मात्र शेजारी उभा असून आंधळा राहत असे. उघड लिलावाने त्याला निदान डोळे दिले. बँकेत तारण सोन्याच्या लिलावाचे कामही मी केले आहे. नोटिसा, राखीव किंमत, सराफाचे मूल्यांकन सारे नियमाप्रमाणे होई. पण एखाद्या घरचे मंगळसूत्र टेबलावर ठेवलेले असताना बोली पुकारणे कोणालाच सुखाचे वाटत नसे. आणि पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांची बोली ज्याने ऐकली आहे, त्याला लिलावाचे आणखी एक रूप माहीत आहे. तेथे बोली जिंकणारा घरी काहीच नेत नाही. तो फक्त देतो.

ऑनलाइन लिलावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ३ सप्टेंबर १९९५ रोजी अमेरिकेत पिएर ओमिद्यार या संगणक अभियंत्याने 'ऑक्शनवेब' या नावाने एक लिलावस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. तेथे सुरुवातीलाच विकली गेलेली एक वस्तू म्हणजे ओमिद्यारचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू मोडकी आहे हे कळले ना, असे त्याने घेणाऱ्याला विचारले, तेव्हा उत्तर आले की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. आपल्याकडे २००० साली मुंबईत सुरू झालेले 'बाझी' हे लिलावस्थळ २००४ साली ईबेने विकत घेतले आणि त्यानंतर ईबे इंडियावर भारतीय माणूस भारतीय माणसाला वस्तू विकू लागला.

या लिलावाची रीत बाजार समितीपेक्षा थोडी वेगळी आहे. बोली ठरावीक दिवस चालते. घेणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा एकाने ५,००० आणि दुसऱ्याने ३,२०० ही मर्यादा ठेवली, तर पहिल्याला ती वस्तू ३,२०० पेक्षा किंचित अधिक रकमेत मिळते. अशा प्रकारच्या लिलावाचे अर्थशास्त्र विल्यम विकरी यांनी १९६१ साली मांडले होते. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ईबे इंडियावर पैशांची व्यवस्थाही बँकरला पटणारी होती. 'पैसापे' या योजनेत खरेदीदाराने भरलेली रक्कम माल पोहोचेपर्यंत मध्यस्थाकडे राहत असे. पतपत्राच्या व्यवहाराशी नाते सांगणारीच ही रीत.

एक सावधगिरी येथेच सांगतो. १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी तयार केलेला 'ॲपल-१' हा संगणक ६६६.६६ डॉलरला विकला जात असे. त्याचे सुमारे २०० नग तयार झाले. त्यांपैकी एक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. ही बातमी वाचल्यापासून आपल्याही माळ्यावर घबाड आहे, असे अनेकांना वाटते. तसे नसते. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांना काही शे ते काही हजार रुपये येतात. वय झाले म्हणून किंमत येत नाही. ती वस्तू किती उरल्या आहेत आणि तिची ओळख पटलेला माणूस आहे का, यावर किंमत ठरते.

याचा प्रत्यय शिरूरला आला. संस्थांच्या सभासद याद्या आणि पत्ते मराठीत छापून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्यांचे यंत्र त्यांच्या पुतण्याने 'जुना संगणक, बंद स्थितीत' एवढ्याच वर्णनाने लिलावात ठेवले होते. सात दिवसांत एकही बोली आली नाही. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या स्नेह्यांनी सहज सांगितले की या यंत्रावर विंडोज येण्यापूर्वीच्या काळात ते मराठीत काम करीत. पेटी उघडली. आत जिस्ट कार्ड होते.

तरुण वाचकांसाठी सांगतो. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे संशोधन आयआयटी कानपूर येथे झाले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तेथे पुढे गेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटात बसवले की डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटे. आज आपण मोबाइलवर बोट फिरवून मराठी लिहितो, तेव्हा ती सोय आभाळातून पडली असे वाटते. पण शिरूरसारख्या गावात एक माणूस तीस वर्षांपूर्वी इन्स्क्रिप्टचा कळपट शिकून हजारो मराठी नावे या कार्डाच्या आधाराने टंकित करीत होता, ही त्या सोयीमागील पायरी आहे.

आम्ही कार्डाची, त्यावरील अक्षरांची आणि जपून ठेवलेल्या माहितीपुस्तिकेची छायाचित्रे काढली. यंत्र कोणी, कशासाठी आणि सुमारे किती वर्षे वापरले, हे चार ओळींत लिहिले. काय चालते, काय चालत नाही आणि काय तपासलेले नाही, हेही स्वतंत्र लिहिले. दुसऱ्या लिलावात सहा जणांनी बोली लावली. पुण्यातील एका संगणक शिक्षकांनी ते यंत्र ११,२०० रुपयांना घेतले आणि न्यायला स्वतः शिरूरला आले. वस्तू तीच होती. पहिल्या वेळी तिच्याविषयीची माहिती विक्रेत्यापाशीच राहिली होती. दुसऱ्या वेळी ती घेणाऱ्यापर्यंत पोहोचली. कर्जाच्या प्रस्तावात तारणाचे वर्णन नीट केले नाही, तर चांगले तारणही नापास होते. येथेही तोच नियम.

विक्रीपूर्वीच्या तयारीविषयी दोन शब्द. वीस वर्षे पडून राहिलेले यंत्र एकदम वीजजोडणी देऊन सुरू करू नये. वीजपुरवठ्याचा भाग जाणकाराकडून तपासून घ्यावा. त्या काळच्या अनेक यंत्रांच्या मुख्य पट्टीवर घड्याळासाठी छोटी बॅटरी असते. ती कालांतराने पाझरते, तिचा हिरवट क्षार आसपासचे तांबे खातो. ती आधी काढावी आणि डाग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांनी हलक्या हाताने पुसावेत. काचेचा जड मॉनिटर दूर पाठवण्याच्या फंदात पडू नये. तो जवळच्या गिऱ्हाइकाला द्यावा. कळपट, माहितीपुस्तिका, फ्लॉपी, पावती यांना वेगळी मागणी असते, म्हणून त्या फेकू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतील डिस्क. तिच्याविषयी लिहायचे तर दौंडला जावे लागेल.

शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला या रस्त्याने भीमा ओलांडून आपण दौंड तालुक्यात उतरतो. नदीच्या दोन्ही तीरांवरचा शेतकरी सोयीप्रमाणे कधी या बाजारात, तर कधी त्या बाजारात माल नेतो. दौंडच्या एका अडत व्यापाऱ्यांशी माझा बँकेतील काळापासून परिचय होता. ते २०१७ साली निवर्तले. २०१८ च्या उन्हाळ्यात घराची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरचा संगणक खाली आला. भंगारवाल्याने तो प्रिंटरसकट तराजूवर चढवण्याची तयारी केली होती. व्यापाऱ्यांच्या चिरंजीवांनी मला फोन केला, "काका, आधी तुम्ही बघून घ्या."

पुण्याच्या तपकीर गल्लीत उमेदवारी केलेला एक तंत्रज्ञ मी बरोबर नेला. यंत्र ३८६ जातीचे, चाळीस एमबीची डिस्क, टीव्हीएसचा खणखणीत आवाजाचा कळपट, आणि अडतीच्या पट्ट्या छापणारा रुंद प्रिंटर. बॅटरी पाझरलेली होती, पण क्षार फार पसरला नव्हता. दुपारपर्यंत खटपट केल्यावर पडद्यावर अक्षरे आली. पुण्याच्या कोणा तरुणाने लिहून दिलेला खातेवहीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उघडला. शेवटची नोंद १९९७ सालची होती. त्यानंतर व्यापार आटोपता घेतला गेला होता.

प्रोग्रॅममध्ये दोन याद्या होत्या, नावे आणि जमा. चिरंजीवांनी स्वाभाविकपणे नावे बाजू पाहिली. बियाणे, खत, लग्नकार्य, विहिरीचे काम यांसाठी शेतकऱ्यांनी उचललेल्या रकमा. भीमेच्या दोन्ही तीरांवरील गावे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नावे, आणि पुढे आकडे. एका नावाशी ते थांबले आणि म्हणाले, "काका, यांचा तर आता पेट्रोल पंप आहे."

मी त्यांना कायद्याची बाजू सांगितली. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा उधारीच्या वसुलीसाठी साधारणतः तीन वर्षांत दावा करावा लागतो. येथे एकवीस वर्षे उलटली होती. चिरंजीवांचा हेतू वाईट नव्हता. घराच्या दुरुस्तीचा खर्च डोक्यावर होता आणि वडिलांनी दिलेले पैसे बुडाले, हे समोर लिहिलेले दिसत होते. त्यांच्या मातोश्री, ज्यांना घरात सारे बाई म्हणतात, त्या इतका वेळ दाराशी बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "जमेला कोण आहे?"

जमेला पाच खाती होती. आपल्याकडे मालाचे सगळे पैसे शेतकरी लगेच नेत नसे. घरी ठेवले तर खर्च होतील, म्हणून काही रक्कम शेठजींकडे राहू देई आणि पेरणीच्या वेळी नेई. अडत्याची पेढी ही एका परीने त्याची बचत बँकच होती, फक्त पासबुक नव्हते. पाच खात्यांच्या रकमा ८४०, २,७१०, ५,२००, ८,१०० आणि १४,६०० अशा होत्या. एकूण ३१,४५०.

बँकेच्या शिस्तीप्रमाणे एका पुस्तकावर विसंबून चालत नाही. म्हणून आम्ही माळ्यावरच्या लाल वह्या काढल्या. संगणक बंद झाल्यानंतरचे व्यवहार त्यांत हाताने लिहिलेले होते. पाचांपैकी तीन खाती पुढील दोन वर्षांत चुकती झाल्याची नोंद सापडली. शेजारी एक सही आणि दोन अंगठे होते. उरली दोन खाती, २,७१० आणि ८,१०० ची. त्यांची परतफेड कोठेही लिहिलेली नव्हती.

कायदा येथेही तसाच उभा होता. घेणे जसे मुदतबाह्य, तसे देणेही मुदतबाह्यच मानता आले असते, आणि मागायला कोणीच आले नव्हते. मी दोन्ही बाजू सांगून गप्प राहिलो, कारण निर्णय घरच्यांचा होता. बाईंनी फार चर्चा केली नाही. "येणे यांनी जिवंतपणी मागितले नाही, ते आता आपण कशाला मागायचे? पण देणे यांच्या नावावर राहायला नको," एवढेच त्या म्हणाल्या. चिरंजीव काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "काका, व्याजाचा आकडा काढा."

व्याजाचा कोणताही करार नव्हता. मी ४ टक्के सरळ व्याज धरले, एकवीस वर्षांचे. ८,१०० वर ६,८०४, म्हणजे एकूण १४,९०४ रुपये. २,७१० वर २,२७६ रुपये ४० पैसे, म्हणजे ४,९८६ रुपये ४० पैसे. दोन्ही मिळून १९,८९० रुपये ४० पैसे.

त्यानंतर डिस्क पुसण्याचे काम. पुष्कळांची समजूत अशी असते की डिलीटची आज्ञा दिली की मजकूर गेला. त्या काळच्या डॉस प्रणालीत डिलीट केल्यावर नोंदपत्रातील फाइलच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलते. मजकूर आपल्या जागी तसाच राहतो आणि जाणकार तो परत आणू शकतो. खातेवहीची अनुक्रमणिका फाडली म्हणून खाती नाहीशी होत नाहीत, तसेच हे. डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहिले गेले, तरच मजकूर खरोखर पुसला जातो. जमेच्या यादीची एक छापील प्रत घरात ठेवून आम्ही तसे केले. नावे बाजूची प्रत काढली नाही. बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करीत असू. खातेदाराची उलाढाल त्याच्या परवानगीवाचून तिसऱ्याला कळता कामा नये, हा त्याचा अर्थ. पेढीवर अशी सही कोणी घेत नाही, तरी शेतकऱ्याने आपली नड शेठजींना सांगितली ती याच भरवशावर. ती नड डिस्कसकट लिलावात जाणे योग्य झाले नसते.

संगणक, कळपट आणि प्रिंटर जुलै २०१८ मध्ये लिलावातून गेले. वाहतूक वजा जाता ६,३०० रुपये हाती आले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्ट २०१८ रोजी, ईबे इंडिया बंद झाले. आता अशा वस्तू विकायच्या तर परदेशी लिलावस्थळ किंवा संग्राहकांच्या ओळखीपाळखी हे मार्ग उरतात. परदेशी पाठवताना वाहतूकखर्च आणि सीमाशुल्काची कागदपत्रे यांचा हिशेब आधी करावा. अनेकदा भाडे वस्तूपेक्षा महाग पडते.

त्या वर्षीच्या संवत्सरीपूर्वी चिरंजीव १४,९०४ रुपये घेऊन पारगावच्या बाजूच्या एका वस्तीवर गेले. मी बरोबर होतो. खातेदार स्वतः हयात होते, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही कशासाठी आलो ते त्यांना दोनदा सांगावे लागले. मग म्हणाले, "कांद्याचं होतं ते. मी दोनदा आलो होतो, पण दुकानाला कुलूप. म्हटलं शेठ अडचणीत असंल, कशाला मागायचं." त्यांनी पैसे मोजले, नातवाकडून पावतीवर नाव लिहवून घेतले आणि खाली स्वतः अंगठा उठवला. चहा झाल्यावर आम्हाला पाटभर वांगी दिली. चिरंजीव परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. चौफुल्याला गाडी थांबवून त्यांनी पावती पाकिटातून काढली, पुन्हा वाचली आणि लाल वहीत डकवायला म्हणून वेगळी ठेवली.

दुसऱ्या खातेदाराचा पत्ता लागला नाही. गाव ठाऊक आहे, आडनावही. पण त्या नावाचे कुटुंब तेथून कधीच उठून गेले, एवढेच कळले. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती उचंत खात्यात ठेवतात. ती बँकेची मिळकत होत नाही. या घरानेही आपल्या वहीत तसे एक खाते उघडले आहे. त्यात ४,९८६ रुपये ४० पैसे जमा आहेत आणि दर दिवाळीला नव्या वहीत ते पुढे ओढले जातात.

केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर ६,३०० रुपयांच्या विक्रीसाठी या कुटुंबाने १४,९०४ रुपये दिले आणि आणखी एक देणे वहीत कायम ठेवले. एखादा लेखापरीक्षक याला तोटा म्हणेल. मला या घराचा व्यवहार पुरता ठाऊक आहे. भंगारवाल्याच्या तराजूवर ते यंत्र चढले असते, तर कोणाचे काही बिघडले नसते, कोणी विचारायलाही आले नसते, आणि पारगावच्या त्या आजोबांनी शेठ अडचणीत असेल एवढेच मानून डोळे मिटले असते.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच. माळ्यावर संगणक असेल, तर तो अवश्य विकावा. पडून राहण्यात कोणाचेच हित नाही. विकण्यापूर्वी त्याची ओळख करून घ्यावी, वर्णन खरे लिहावे, दोष लपवू नयेत. डिस्क मात्र घरातील जाणत्या माणसासमोर एकदा उघडून पाहावी. त्यात छायाचित्रे असतील, पत्रे असतील, हिशेब असतील. हिशेब असला, तर आधी जमेची बाजू वाचावी आणि घरातल्या वह्यांशी ताडून पाहावी. मग डिस्क पुसावी, यंत्र झाडून-पुसून घ्यावे आणि खुशाल बोलीला लावावे.